'एज' म्हणजे नक्की कुठली कड? (सोसायटीचा कॅमेरा आणि माझा गोंधळ)

सेक्रेटरी_नाइलाजाने | शनिवार, रात्री १०:४०

मंडळी, प्रश्न तांत्रिक आहे पण मी तांत्रिक माणूस नाही, सगळी नोकरी बँकेत गेली, तेव्हा जरा सांभाळून घ्या. आमची मुलुंड पूर्वेला ८४ फ्लॅट्सची सोसायटी. गेटवर गाडीची नंबरप्लेट वाचून दांडी आपोआप वर करणारा कॅमेरा बसवायचा असं एजीएममध्ये ठरलं (ठरलं म्हणजे काय, आरडाओरडा झाला आणि शेवटी सगळे जेवायला गेले). तीन कोटेशनं आली. एकात लिहिलंय 'क्लाऊड एआय' (म्हणजे म्हणे काम लांबच्या डेटासेंटरमधल्या सर्व्हरवर), दुसऱ्यात 'एज एआय', तिसऱ्यात 'ऑन-डिव्हाइस एज एआय विथ क्लाऊड'. तिसरं सगळ्यात महाग.

तिसऱ्याच्या सेल्सवाल्या पोराला विचारलं, बाबा रे एज म्हणजे काय? म्हणाला, "सर, सगळं इथल्या इथे होतं, डेटा बाहेर जातच नाही." मग नेट कनेक्शन कशाला मागतोस? तर म्हणे "ते ॲपसाठी सर." मुलगा बंगळुरूला आयटीत आहे, त्याला फोन केला, तर तो म्हणतो बाबा आमच्याकडे एज म्हणजे मुंबई-चेन्नईतले सर्व्हर. आता मला सांगा, एज म्हणजे माझ्या गेटवरचा कॅमेरा की चेन्नईतला सर्व्हर? दोन्ही कसं असेल? का हे लोक खजिनदाराला गंडवायला नवीन शब्द शोधतात?

रिकामटेकडा | रात्री १०:५२

एज म्हणजे कड. पोर आईच्या कडेवर असलं की ऑन-डिव्हाइस, पाळणाघरात असलं की क्लाऊड, आणि शेजारच्या काकूंकडे ठेवलं की एज. नेट गेलं की तिन्हीकडे भोकाड पसरतं.

(हलके घ्या)

खारफुटी | रात्री ११:१५

रिकामटेकडा, हसलो, पण शेजारच्या काकू हे खरंच जवळपास बरोबर आहे.

काका, तुमचा मुलगा आणि तो सेल्सवाला दोघंही आपापल्या जागी खरं बोलतायत, शब्दच सरकत सरकत आलाय. मी महापेला डेटासेंटरमध्ये नेटवर्क बघतो त्यामुळे हे सरकणं अंगावर काढलंय. सुरुवातीला एज म्हणजे इंटरनेटच्या जाळ्याची कड, म्हणजे तुमच्या इंटरनेट कंपनीच्या दाराशी ठेवलेला सर्व्हर. अकमाय १९९८ साली एमआयटीतून निघाली ती हेच करायला, लोक सारखं मागतात त्या फायली अमेरिकेतून दर वेळी आणण्यापेक्षा जवळ साठवून ठेवायच्या. नेटफ्लिक्सने २०१२ पासून आपले डबे थेट इंटरनेट कंपन्यांच्या खोलीत ठेवायला घेतले. त्या डब्याला अक्कल काही नाही. गोदाम नुसतं.

मग २००९ मध्ये कार्नेगी मेलनचे महादेव सत्यनारायणन आणि सहकाऱ्यांनी 'क्लाऊडलेट'ची कल्पना मांडली, मोबाइल दमतो तर त्याचं जड काम जवळच्याच एका छोट्या सर्व्हरकडे द्यायचं. म्हणजे आता जवळ नुसता साठा नाही, कामही. २०१२ ला सिस्कोवाल्यांनी 'फॉग' शब्द आणला, ढग जमिनीवर उतरला की धुकं. २०१४ ला युरोपच्या एत्सीने, म्हणजे दूरसंचाराची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने, 'मोबाइल एज' म्हणून गट काढला, त्यांच्यासाठी एज म्हणजे मोबाइल टॉवरच्या आसपास. पुढे त्यांनीच 'मोबाइल' काढून 'मल्टी-ॲक्सेस' केलं, कारण वायफाय आणि वायरवालेही म्हणाले आम्ही काय घोडं मारलंय. आणि २०१७ पासून तर दोन्ही टोकं एकदमच ओढायला लागली, एकीकडे क्लाऊडफ्लेअर वर्कर्स आलं, म्हणजे त्या जुन्या कडेवरच्या सर्व्हरवर तुमचा कोड चालवा, आणि दुसरीकडे त्याच वर्षी आयफोनमध्ये न्यूरल इंजिन (चिपमधला एआयसाठीचा खास भाग) आलं, म्हणजे सर्व्हर कशाला, खिशातच चालवा. दोन्हीला लोक एज म्हणतात.

थोडक्यात, ज्याचा माल जिथे संपतो तिथे त्याची कड.

चाळकरी | रात्री ११:२०

फॉग कॉम्प्युटिंग मुंबईत चालणार नाही. आपल्याकडे धुकं नसतं, मेट्रोच्या खोदकामाची धूळ असते. डस्ट कॉम्प्युटिंग काढा.

जुनाजाणता | रविवार, सकाळी ७:०५

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त. आमच्या वेळी अक्कल सगळी एक्स्चेंजमध्ये, घरचा फोन ठोंब्या. कॉम्प्युटर आले तेव्हाही मोठं यंत्र एका वातानुकूलित खोलीत आणि टेबलावर नुसता पडदा आणि कीबोर्ड. मग पीसी आला, सगळे म्हणाले आता टेबलावरच सगळं. मग क्लाऊड आला, म्हणाले टेबलावर काही ठेवू नका. आता पुन्हा म्हणतायत खिशातच ठेवा. लंबक आहे हा. प्रत्येक झोक्याला नवीन खरेदी होते एवढं मी पाहिलंय.

बोरीबंदर_ते_बदलापूर | सकाळी ८:३०

जुनाजाणता, मान्य, पण लंबक परत त्याच जागी येत नाहीये ना. पीसीच्या काळात प्रोग्रॅम तुमच्याकडे आणि डेटाही तुमच्याकडे. आता एआयचं मॉडेल, म्हणजे शिकवून तयार केलेला प्रोग्रॅम, तुमच्या फोनात असलं तरी ते शिकलेलं असतं दुसरीकडे, हजारो चिप लावून. तुमच्याकडे येतो तो तयार माल.

मला हे डब्यासारखं वाटतं. स्वयंपाक घरी झाला, डबा चर्चगेटला उघडला. म्हणून काय चर्चगेटला स्वयंपाक झाला असं म्हणता येईल का?

खारफुटी | सकाळी ८:४१

चुकीचा डबा. डब्यात भाजी तीच येते जी सकाळी केली. मॉडेल समोर येईल त्या नवीन प्रश्नाला नवीन उत्तर करतं. डबा नाही, आईकडून शिकून आलेली सून म्हणा.

गिरगावची_वैनी | सकाळी ८:५५

सून का? मुलगा का नाही शिकून येत?

खारफुटी | सकाळी ८:५६

माफी असावी वैनी. मुलगा शिकून आला.

रिकामटेकडा | सकाळी ८:५८

मुलगा शिकून आला पण दर दोन मिनिटांनी आईला फोन करतो, मीठ किती घालू. याला म्हणतात 'ऑन-डिव्हाइस विथ क्लाऊड'.

सेक्रेटरी_नाइलाजाने | सकाळी ९:३०

हे मात्र मला कळलं!! तिसरं कोटेशन हेच आहे बहुतेक.

टॉप्स_आणि_बॉटम्स | सकाळी १०:१२

मोबाइल ॲप बनवते, फोनवर मॉडेल चालवणं हे माझं रोजचं काम, म्हणून जरा लांबण लावते.

'फोनवर चालतं' म्हणजे काय याचा हिशेब कोणी सांगत नाही. समजा ३०० कोटी पॅरामीटरचं, म्हणजे आत तेवढे आकडे असलेलं, छोटं भाषिक मॉडेल आहे. ॲपलने २०२४ ला फोनसाठी जाहीर केलेलं साधारण एवढंच होतं. प्रत्येक आकडा चार बिटांत कोंबला तरी दीड जीबी होतो. आता हे मॉडेल उत्तराचा एकेक तुकडा काढताना ढोबळमानाने दर वेळी अख्खे दीड जीबी मेमरीतून वाचतं. चांगल्या फोनची मेमरी सेकंदाला ५० जीबी देते असं धरा, तर सेकंदाला फार तर तेहेतीस तुकडे, ते पण कागदावर. म्हणजे अडतंय कुठे, तर चिपच्या हुशारीपेक्षा मेमरीच्या नळावर. मोठी टाकी बसवून उपयोग नाही, पाइप अर्धा इंची असेल तर पाणी तेवढंच येणार, सोसायटीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि त्या दीड जीबीला जागा हवी म्हणून फोन मागची बाकीची ॲपं मारून टाकतो. माझ्या टेस्टिंगच्या सहा जीबीवाल्या फोनवर मॉडेल चालू केलं की गाणी बंद पडतात आणि दहा मिनिटांत फोन पोळीसारखा गरम. लोकलमध्ये उभ्याने टेस्ट करत होते तर शेजारची बाई म्हणाली अगं जळतंय का काही.

म्हणून मग कंपन्या काय करतात, सोपं काम फोनवर, अवघड झालं की गुपचूप वर. ॲपलने त्या 'वर'ला प्रायव्हेट क्लाऊड कंप्युट असं नाव तरी दिलं आणि कसं चालतं ते लिहिलं. बाकी बरेच जण सांगतही नाहीत. मायक्रोसॉफ्टने २०२४ ला कोपायलट प्लस पीसीसाठी ४० टॉप्सची अट घातली, टॉप्स म्हणजे सेकंदाला किती लाख कोटी क्रिया, तेव्हापासून लॅपटॉपच्या दुकानात सगळे टॉप्स विचारतात, जसं पूर्वी कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल विचारायचे. मेमरीचा वेग कोणी विचारत नाही.

चाळकरी | सकाळी १०:२०

ताई, फोनवरच चालणाऱ्या एआयचा माझा अनुभव: गणपतीतले फोटो शोधायला फोनच्या गॅलरीत 'मोदक' टाकलं. नऊ फोटो आले. त्यातले सहा लसणीच्या गड्ड्यांचे, बायकोने भाजीवाल्याला दाखवायला काढलेले. एक कांद्याचा. मोदक दोनच, ते पण आंब्याचे, पेढेवाल्याकडचे.

उकडीचा एकही नाही. निषेध.

टॉप्स_आणि_बॉटम्स | सकाळी १०:२६

हेच ते! मॉडेल छोटं करताना आधी जातं काय, तर जे कमी वेळा दिसतं ते. मोदक गेला, लसूण राहिली. मराठी बोलून टाइप करताना पण तेच, नेट चालू असताना 'साडेतीन' बरोबर येतं, विमान मोडवर माझ्या फोनने 'साडी तीन' लिहिलं आणि मी ते तसंच क्लायंटला पाठवलं.

शेअरखाऊ | सकाळी ११:०२

बाजारवाल्यांना हे केव्हाच कळलंय हो. बीकेसीत स्टॉक एक्स्चेंजच्या इमारतीतच आपला सर्व्हर भाड्याने ठेवायचा आणि मिलिसेकंद वाचवायचे. त्याला को-लोकेशन म्हणायचे, एज म्हटलं असतं तर भाडं दुप्पट लावता आलं असतं.

कोकणी_मेवा | दुपारी १२:१५

मला यूपीआय लाइटबद्दल लिहायचंय, विषय तोच आहे, कुणी अवांतर म्हणू नका. २०२२ मध्ये ते आलं तेव्हा 'ऑन-डिव्हाइस वॉलेट' म्हणून आलं. मला वाटलं वा, पैसे फोनातच, आता गुहागरला रेंज नसली तरी चालेल. आईला उत्साहाने सुरू करून दिलं. ती बंदराजवळ मासे घ्यायला गेली, स्कॅन केलं, चक्र फिरतंय फिरतंय. शेवटी बांगडे उधार आणले आणि मला फोनवर ऐकवलं. नंतर कळलं की ऑन-डिव्हाइस याचा अर्थ एवढाच की छोट्या रकमेसाठी दर वेळी बँकेच्या मुख्य सिस्टिमला उठवायचं नाही आणि पिन टाकायचा नाही. कोड स्कॅन करून पैसे द्यायला नेट लागतंच. २०२३ ला 'लाइट एक्स' आलं ते खरं ऑफलाइन, पण त्याला दोन्ही फोनमध्ये एनएफसी (फोन फोनाजवळ धरून व्यवहार करायची सोय) पाहिजे, आणि कोळणीच्या फोनमध्ये ते कुठून आणू.

तेव्हा ऑन-डिव्हाइस हा शब्द ऐकला की मी आधी विचारते, काय ऑन-डिव्हाइस? पैसे की हिशेब की हुशारी?

वडापाव_अर्थशास्त्री | दुपारी १२:३०

मग आमच्या नाक्यावर गाडीवरचा साऊंडबॉक्स एज का?

रिकामटेकडा | दुपारी १२:३१

सिम आहे, स्पीकर आहे, डोकं नाही. एज नाही, निवेदक.

खारफुटी | दुपारी १:१०

कोकणी_मेवा यांचा प्रश्न हाच या धाग्याचा खरा प्रश्न आहे.

एक गंमत सांगायची राहिली, सेक्रेटरीकाका. 'जवळ'चं सगळं प्रकरण आलं अंतरामुळे. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत ३९०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन साधारण चाळीस मिलिसेकंद, कितीही पैसे ओता, त्याखाली जाता येत नाही. केबल सरळ जात नाही त्यामुळे प्रत्यक्षात जास्तच. २०१६ मध्ये ॲमेझॉनने आपल्या क्लाऊडचं मुंबई रीजन, म्हणजे इथली डेटासेंटरं, सुरू केलं त्याआधी आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्या सिंगापूरला सर्व्हर ठेवायच्या.

आता तुम्ही राहता मुलुंड पूर्वेला. ऐरोली पूल ओलांडला की पलीकडे ऐरोली, रबाळे, महापे, डेटासेंटरांची रांगच. म्हणजे तुमच्या गेटपासून क्लाऊड रिक्षाच्या अंतरावर, आणि मुलाच्या कंपनीची चेन्नईची 'एज' हजार किलोमीटरवर. गडचिरोलीच्या माणसाला जवळचा सर्व्हर म्हणजे केवढा फरक पडेल. मुलुंडला वेग हा मुद्दाच नाही. तुम्हाला बघायचंय ते वायर तुटल्यावर काय होतं आणि माहिती कुणाकडे जाते.

कुंपणावरचा_सरडा | दुपारी २:०५

माहितीच्या बाबतीत माझे दोन पैसे. सेल्सवाला म्हणतो डेटा बाहेर जात नाही. त्याला विचारा, व्हिडिओ जात नाही की काहीच जात नाही? कॅमेरा स्वतःच प्लेट वाचतो हे खरं, व्हिडिओ गेटवरच राहतो हेही खरं. पण 'एमएच ०३ अमुक, ११:४२ ला बाहेर, १:१० ला आत' ही ओळ जाते ना वर, ॲपमध्ये दिसते म्हणजे जातेच. आणि उलट ती ओळ जास्त कामाची आहे. व्हिडिओ बघत कोण बसणार, पण ही ओळ वर्षभराची साठली की कोण कधी घरी नसतं याचा तक्ता तयार. २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आहे, तेव्हा ही माहिती कुणाकडे, किती दिवस, हे करारात लिहून घ्या.

पूर्वी लोकांना वाटायचं क्लाऊड म्हणजे धोका, ऑन-डिव्हाइस म्हणजे घरचं. मला तरी तसं वाटत नाही. घरची मोलकरीण पण बाहेर जाऊन सांगतेच.

गिरगावची_वैनी | दुपारी २:११

आधी सून, आता मोलकरीण. या धाग्यावर पुरुषांनी कधी काही बाहेर सांगितलंच नाही वाटतं. आमच्या चाळीत तर सगळ्या बातम्या ह्यांच्या पत्त्यांच्या अड्ड्यावरून फुटायच्या.

कुंपणावरचा_सरडा | दुपारी २:१५

वैनी, मान्य. अड्डा हेच बरोबर उदाहरण.

बोरीबंदर_ते_बदलापूर | दुपारी ३:४०

काका, अजून एक. ४१४१ नंबर घेऊन त्यावर 'दादा' लिहिणारे महाभाग तुमच्या सोसायटीत आहेत का? नियमात बसत नाही, पण असतात. डेमोला तीच गाडी उभी करा. आणि हे बघा की मॉडेल अपडेट कोण करणार, किती वर्षं, फुकट का पैसे घेऊन. क्लाऊडवालं मॉडेल कंपनी एका जागी बदलते आणि सगळीकडे बदललं. गेटवरच्या डब्यातलं मॉडेल म्हणजे डब्यातच राहिलेली भाजी (हो, मी माझा डबा सोडणार नाही).

जुनाजाणता | सायंकाळी ५:२०

एवढी चर्चा कशाला? डेमो मागा आणि लॅनची वायर उपटा. जे चालू राहील ते इथलं, जे बंद पडेल ते तिथलं. आम्ही एक्स्चेंजमध्ये असंच शोधायचो.

सेक्रेटरी_नाइलाजाने | पुढचा रविवार, दुपारी १:१५

मंडळी, आभार. जुनाजाणता यांचं ऐकलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या कोटेशनवाल्यांना डेमो लावायला सांगितला, दोघेही कबूल झाले. क्लाऊडवाला म्हणाला आमचं नेटशिवाय चालतच नाही साहेब, सरळ माणूस, मला आवडला.

आज सकाळी अकराला तिसऱ्याचं, महागवालं, लावलं. आधी सगळं मस्त. गाडी आली, खांबावरच्या पेटीच्या छोट्या पडद्यावर नंबर उमटला, दांडी वर. टाळ्या. मग मी केबिनमध्ये जाऊन राउटरची वायर काढली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू वॅगनआर घेऊन भाजी आणून येत होत्या. पडद्यावर नंबर लख्ख आला, एकही आकडा चुकला नाही. दांडी ढिम्म. काकू हॉर्न वाजवतायत, मागे दुधाचा टेम्पो, त्याच्या मागे पाहुण्यांची रिक्षा. पोराला विचारलं नंबर तर वाचला, मग उघडत का नाही? घाम पुसत म्हणाला, "सर, वाचतो इथेच, पण उघड म्हणून हुकूम सर्व्हरवरून येतो." कॅमेऱ्यापासून दांडी आठ फुटांवर आहे हो. मी टेप लावून मोजलं. शेवटी वॉचमनकाकांनी किल्ली लावून हाताने दांडी उचलली आणि काकूंनी मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

दुसऱ्याचं बारा वाजता. वायर काढली तरी दांडी उघडली, कारण आपल्या गाड्यांची यादी त्याने पेटीतच ठेवलीय. फक्त नवीन गाडी यादीत घालायची तर नेट लागतं, आणि ॲपवर नोंदी उशिरा दिसतात, त्या चालतील. अपडेट तीन वर्षं फुकट, पुढे पैसे. सरडा यांच्या प्रश्नावर तो जरा गडबडला, लेखी देतो म्हणालाय, बघू.

'एज' शब्द मी वर्क ऑर्डरमधून काढून टाकायला लावला. त्याऐवजी लिहिलंय: "इंटरनेट बंद असताना नोंदणी असलेल्या गाडीला गेट उघडले पाहिजे." खजिनदार म्हणाले, हे आधीच लिहायचं होतं.

हो, दादाची गाडी. आहे आमच्याकडे, बी विंगला. दोन्ही कॅमेऱ्यांना ती वाचता आली नाही. वॉचमनकाकांनी मात्र वळणावरच हॉर्न ओळखून दांडी उचलून ठेवली.

वडापाव_अर्थशास्त्री | दुपारी १:३२

काका, दुसऱ्याचा आकडा किती? आमच्या भांडुपच्या सोसायटीतही हेच चाललंय.

सेक्रेटरी_नाइलाजाने | दुपारी १:४०

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. आणि टेप घेऊन जा.